फोन, बाजार, भांडण आणि हज: एका बहिणीच्या पत्राला उत्तर

कोकणातल्या एका बहिणीचं पत्र आलंय, वय ३६. थोडक्यात देते. "आपा, यंदा आमचा हजला नंबर लागलाय, मी, मिस्टर आणि सासूबाई. सगळे मुबारकबाद देतायत आणि मला रात्री झोप येत नाही. दोन वर्षांपूर्वी उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, गेले होते तेव्हा अर्धा वेळ फोनमध्येच गेला, तवाफ म्हणजे काबाभोवतीचे सात फेरे करताना पण व्हिडिओ कॉल, मदिन्यात बाजारातून पाय निघेना, आणि रूमवर नणंदेशी कपडे धुण्यावरून असं वाजलं की आजतागायत आम्ही नीट बोलत नाही. घरी आले तेव्हा बॅगा भरलेल्या आणि मी आतून रिकामी. आता हज पण असाच गेला तर? माझं मनच असं आहे का?"

अस्सलामु अलैकुम बेटा. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि पहिलं हेच सांगते की तुझं मन वाईट नाहीये, ज्याला पर्वाच नसते त्याची झोप उडत नाही.

आपल्याला लहानपणापासून वाटतं की शैतान म्हणजे काहीतरी मोठं, तिकडे जमरातला शैतानाची खूण म्हणून खडे मारतो तसं समोर उभं असलेलं. पण तिथे गेल्यावर तो मोठ्या गुन्ह्याच्या रूपात येतच नाही गं, कारण हरमच्या, म्हणजे मक्केच्या पाक मशिदीच्या, आवारात कोण मोठा गुन्हा करायला जातंय? तो येतो बाथरूमच्या लायनीत, लिफ्टसमोर, रूममधल्या एकाच चार्जिंग पॉइंटवर. कुरआनात सूरह बकराच्या १९७ व्या आयतीत हजसाठी तीन गोष्टी नाव घेऊन बंद केल्यात. रफस, म्हणजे नवरा-बायकोतलं सगळं आणि तसलं बोलणं, एहरामात, म्हणजे हजच्या खास पेहरावात आणि पाबंदीत, असेपर्यंत मस्करीत पण नको. फुसूक, म्हणजे नाफरमानी. आणि तिसरं जिदाल, भांडण. बघ ना, भांडणाला तिथे वेगळी जागा दिलीय, इतकं ते तिथे होणारच हे अल्लाहला माहीत आहे.

आणि भांडण कशावरून होतं सांगू? दीनवरून पण होतं. आपण कोकणातले बहुतेक शाफई, तंबूत शेजारी बाकी महाराष्ट्रातल्या हनफी बायका, दोघींच्या मसलकचे नियम थोडे वेगळे, मग मिनात, मक्केजवळच्या तंबूंच्या मुक्कामी, नमाज कसर म्हणजे छोटी करायची की पूर्ण, दोन नमाजा जमा म्हणजे एकत्र करायच्या की नाही, यावरून अशी जुंपते की नमाजच लांबते. तू त्यात पडू नकोस. तुझे मसले, म्हणजे दीनच्या नियमांचे प्रश्न, जायच्या आधीच तुमच्या आलिमसाहेबांकडून विचारून घे, तवाफच्या गर्दीत परक्या माणसाचा हात लागला तर वजूचं, म्हणजे नमाजआधी हात-पाय धुऊन पाक होण्याचं, काय हा तर आपल्या लोकांना हमखास छळणारा प्रश्न, तो इथेच सोडवून जा, म्हणजे तिथे सात फेरे शांतपणे होतील, आणि कोणी काही वेगळं सांगितलं की "बरं" म्हणायचं आणि आपलं करायचं.

आता माझं ऐक, हे मी फार कमी जणांना सांगितलंय. मी हजला गेले तेव्हा मिनाच्या तंबूत गाद्या कशा, खांद्याला खांदा, मध्ये चप्पल ठेवायला जागा नाही. कूलरच्या समोरची गादी मी पकडली, बॅग ठेवली आणि वजूला गेले, परत येऊन बघते तर माझी बॅग कोपऱ्यात आणि गादीवर मालेगावकडची एक म्हातारी पाय लांब करून पडलेली. मी तिला बोलले. फार बोलले. ती उठली, काही न म्हणता कोपऱ्यात गेली, आणि मी कूलरसमोर झोपले. दुसऱ्या दिवशी अराफातचं मैदान, हजचा सगळ्यात मोठा दिवस. जुहर, दुपारची नमाज, झाली, लोक हात वर करून रडतायत, आणि माझ्या डोक्यात ती गादी. दुवा सुरू करते, दोन वाक्यांनंतर परत गादी, ती बॅग, तिचे सुजलेले पाय. वर्षानुवर्षं या दिवसाची वाट बघितली आणि हातात काहीच येत नव्हतं. असरनंतर, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर, मी उठले, तिला शोधलं, तिचे हात धरले, म्हटलं खाला मला माफ करा. तिने माझ्याकडे असं बघितलं की हिला काय झालं, मग म्हणाली, "अगं कधीची गोष्ट?" आणि पदराच्या गाठीतून दोन खजूर काढून दिले. त्यानंतर मगरिबपर्यंत, सूर्य मावळेपर्यंत, मी काय काय मागितलं ते माझं मला माहीत.

म्हणून तू लिहितेस ना की मन भटकतं, तर भटकू दे, परत आणायचं कसं ते शीक. आणि यासाठी मला हदीसमधला एक प्रसंग फार जवळचा आहे. हिजरी सन १०, म्हणजे इसवी सन ६३२, हुजूर, म्हणजे आपले नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, यांचा आखरी हज. त्यांच्या मागे सवारीवर चुलतभाऊ फजल बिन अब्बास बसलेले, तरुण मुलगा. खसअम कबिल्याची एक बाई मसला विचारायला आली, की माझ्या वडिलांवर हज फर्ज आहे पण ते इतके म्हातारे झालेत की सवारीवर बसवत नाही, त्यांच्या वतीने मी करू का? फजल तिच्याकडे बघतच राहिले. हुजूरांनी काय केलं, तर हाताने त्यांचं तोंड दुसरीकडे वळवलं, आणि बाईला सांगितलं, हो, कर. बस, एवढंच. साक्षात नबींच्या मागे बसून, हजच्या दिवसांत एका सहाबीची नजर गेली, आणि तुला वाटतं तुझं मन फोनकडे गेलं म्हणजे तू नापास? अगं, तोंड वळव आणि पुढे चल, दहादा गेलं तर दहादा वळव. "मी अशीच आहे" म्हणत बसलीस तर तो वेळ पण गेलाच ना, आणि तो कुणी नेला हे तुला कळतंय.

फोन घरी ठेव असं मी सांगणार नाही, ते आता होण्यासारखं नाही, हज कमिटीचं हज सुविधा ॲप आहे, सौदीचं नुसुक ॲप आहे, गर्दीत चुकामूक झाली तर सासूबाईंना शोधायचं कसं. पण इन्स्टा-फेसबुक घरीच काढून टाक, एअरपोर्टवर नाही, आठ दिवस आधी, म्हणजे बोटांची सवय इथेच मोडेल. मुलांशी बोलायची एक वेळ ठरव, तिथे चार वाजले की आपल्याकडे साडेसहा असतात, मुलं घरी आलेली असतात, तेव्हा दहा मिनिटं पोटभर बोल. पण तवाफात नाही. आणि काबा पहिल्यांदा नजरेला पडेल तेव्हा तरी हात दुवाला मोकळे हवेत बेटा, फोटो नंतर चाळीस दिवस आहेतच काढायला.

बाजाराचं म्हणशील तर बाजार हराम नाही. पुढच्याच आयतीत, १९८ मध्ये, अल्लाहचा फजल, म्हणजे रोजी, शोधण्यात गुन्हा नाही असं आहे, लोक तेव्हाही हजमध्ये व्यापार करत. फक्त वेळेचं बघ. हज पूर्ण होईपर्यंत खरेदी नाही असं मनाशी ठरव, कुणाला काय आणायचं ती यादी इथूनच लिहून ने, पैसे वेगळ्या पाकिटात ठेव आणि ते पाकीट मिस्टरांकडे दे, नाहीतर हरमसमोरच्या घड्याळ टॉवरच्या खालचे मॉल असे आहेत की नमाजवरून येता येता माणूस आपोआप आत जातो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते, थकलेल्या माणसाला राग लवकर येतो. हजच्या आधी काही जण रोज मस्जिद-ए-आयशाला जाऊन एहराम बांधून नफली, म्हणजे जास्तीचे, उमरे करतात, आकडा मोजतात, आणि ८ जिलहिज्जला, हजच्या महिन्याच्या आठव्या दिवशी, मिनाला निघायचं तेव्हा ताप अंगात, पायाला फोड. एका सईचेच, म्हणजे सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधले, सात फेरे म्हणजे तीन किलोमीटरच्या वर चालणं होतं. सोबत सासूबाई आहेत, त्यांच्या चालीने चाल. त्यांना पाणी आणून देणं, त्यांची चप्पल सांभाळणं, हे तुझ्या इबादतीच्या मध्ये येतंय असं वाटेल तेव्हा समज की ही पण तीच इबादत आहे. आणि रूममध्ये बायका जमून कुणाच्या सुनेचं सुरू झालं की तसबीह घेऊन गॅलरीत जा, उपदेश करू नकोस, नुसती उठून जा.

माझी नानी मुंबईहून जहाजाने गेली होती, ती जहाजं १९९५ ला बंद झाली. निघायच्या आधी ती गावात घरोघरी फिरली होती, ज्यांच्याशी बांधावरून भांडण होतं त्यांच्या पण दारात गेली, कहासुना माफ करा म्हणायला. परत येऊ की नाही याची कुणालाच खात्री नसायची, म्हणून मनात काही ठेवून कुणी जहाजावर चढत नसे.

तुझ्या पत्रात नणंदेबद्दल एकच ओळ आहे आणि मला वाटतं सगळं पत्र त्या ओळीसाठीच होतं. तिला फोन लाव. चूक कुणाची होती ते काढू नकोस, मेसेज पण नको, आवाज ऐकू दे तिला, एवढंच म्हण की मी हजला चाललेय, माझं काही लागलं असेल तर माफ कर. आज उचलला नाही तर उद्या परत लाव.

तुझी आपा