एम.ए. नंतर आरएची ऑफर: घे, पण आधी दोन गोष्टी विचारून घे

तू लिहिलंयस की जळगावहून एम.ए. सायकॉलॉजी झालं, डिप्रेशनवरच्या एका प्रोजेक्टमधे अकरा महिन्यांची रिसर्च असिस्टंटची (आरए) ऑफर आहे, घरचे बी.एड. कर म्हणताय आणि तुला क्लिनिकल सायकॉलॉजीच करायचंय, तर हे वर्ष वाया जाईल का. मी क्लिनिकलच्या एम.फिल.च्या आधी दीड वर्ष हेच केलं, अमळनेर-धुळ्याकडच्या खेड्यांमधे, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आरए केलं म्हणून क्लिनिकलची सीट मिळत नाही गं. बंगळूरचं निमहान्स असो की रांचीचं सीआयपी, या मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थांची एन्ट्रन्स काढावीच लागते. त्यात २०२२ च्या यूजीसी नियमांनी एम.फिल.च बंद केलं, क्लिनिकलला मागून मुदत वाढवून दिली, त्यामुळे तुझ्या वर्षी कोणता कोर्स चालू आहे ते क्लासवाल्यांना न विचारता आरसीआयच्या, म्हणजे या कोर्सना मान्यता देणाऱ्या कौन्सिलच्या, साईटवर बघ.

मग आरए कशाला? तर प्रश्न विचारायचा कसा ते तिथे कळतं. आमच्याकडे पीएचक्यू-९ होतं, डिप्रेशन मोजायची प्रश्नावली, नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. सोपं वाटतं ना? पहिलाच प्रश्न, दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद कमी वाटला का. अमळनेरजवळ एक मावशी ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या, मी प्रमाण मराठीत विचारलं तर माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणे, "आनंद? कापूस येचाले जानं पडस बाई, त्यामा कसाना आनंद!" मी म्हटलं आपली अहिराणी कधी कामाला येणार, आणि सरळ विचारलं की भाकर गोड लागस का? नही म्हणाल्या. मी खुशाल ३ वर टिक केली. पुढे दहा-बारा घरी हेच, आणि स्वतःवर खूष, की बघा कशी माणसं बोलती केली.

महिन्याभराने प्रोजेक्टच्या मॅडमनी फॉर्म तपासले. पाचवा प्रश्न भुकेचाच आहे! म्हणजे एकाच तक्रारीचे मी दोनदा मार्क धरले होते. १० च्या पुढे गेलं की आम्ही डॉक्टरांकडे पाठवायचो, त्यात काही बायका माझ्या भाकरीमुळे उगाच पाठवल्या गेल्या. फॉर्म सगळे बाद, परत त्याच घरी जायचं, आणि अमळनेरचा मे महिना तुला सांगायला नको. नंतर अहिराणी शब्द सगळ्यांनी बसून ठरवले, ज्याने मूळ प्रश्न पाहिलाच नाही अशा माणसाकडून परत मराठीत उलट भाषांतर करून घेतलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. एम.ए.ला व्हॅलिडिटीची (जे मोजायचं तेच मोजतोय ना, त्याची) व्याख्या पाठ करून पेपर लिहिलेला मी, पण ती कळली त्या ओट्यावर. पुढे एम.फिल.च्या मुलाखतीत हाच किस्सा सांगितला, सर्टिफिकेट कोणी उघडून पण पाहिलं नाही.

आता विचारायचं काय ते. एक, नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरण्याच्या विचारांच्या प्रश्नाला, कोणी हो म्हणालं तर त्याच दिवशी तू फोन कोणाला करायचा? नाव आणि नंबर लेखी घे. "बघू तेव्हा" असं उत्तर आलं तर जॉईन होऊ नको, मी हे अगदी गंभीरपणे सांगतेय. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हाताशी ठेवच, पण तो प्रोजेक्टच्या जबाबदारीच्या बदल्यात नाही. आणि तू तिथे थेरपिस्ट नाहीस, समोरची बाई रडायला लागली की सल्ले द्यायची फार इच्छा होते, थांबायचं, ऐकायचं, पुढे पाठवायचं.

दुसरं, तुझे फॉर्म तपासणार कोण आणि किती दिवसांनी. माझी चूक महिन्याने सापडली, आठवड्यात सापडली असती तर इतकी घरं परत पालथी घालावी लागली नसती. फक्त डेटा एन्ट्री करून घेणार असतील तर मात्र बी.एड. परवडलं. पगार उशिरा होतो हे धरूनच चाल, माझा एकदा तीन महिने अडकला होता, रूमचं भाडं वडिलांनी भरलं.

आणि हो, कानबाईच्या सणाच्या दिवसात मुलाखती लावू नकोस, कोणी बोलत नाही, रोट खायला बसवतात. कापूस वेचणीत पण दुपारी घरं रिकामी, सकाळी सातच्या आत जा नाहीतर दिवे लागल्यावर.