शाळेसमोरचा जाम: अर्जात स्पीड ब्रेकर पहिल्या नंबरवर नको

ताई, तुम्ही लिहिलं की हायस्कूल सुटलं की गेटसमोर अर्धा तास जाम, शाळा पालकांना आत गाडी लावू देत नाही, अन् आता एका मुलीला बाइकचा धक्का लागल्यावर सगळे पालक स्पीड ब्रेकर अन् पार्किंगसाठी अर्ज द्यायचा म्हणून राहिले. अर्ज जरूर द्या, पण या दोन गोष्टी सुरवातीलाच टाकू नका. आमच्या पोरांच्या शाळेत पालक-शिक्षक संघात मी बरीच वर्षं होतो, तेव्हाचं जे पाहिलं ते सांगतो.

पार्किंग कितीही दिलं तरी पुरत नाही कारण सगळ्यांना एकाच वेळी एकाच गेटसमोर उभं राहायचं असतं. एक दिवस सुटायच्या पाऊण तास आधी जाऊन बघा कोण कुठं थांबतं ते. पहिले येतात कारवाले, अन् उन्हाळ्यात ते गेट बघत नाहीत, सावली बघतात, एप्रिलमध्ये कडुनिंबाखाली एसी चालू ठेवून बसले असतात, मग त्यांना लागून व्हॅन, व्हॅनला लागून ऑटो, अन् जी पट्टी उरली तिच्यातून पोट्टे सायकली काढून राहिले. त्यात आपले नागपूरचे सिमेंट रोड, रोडची कड वर अन् बाजूचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) कुठं बसलेले कुठं उखडलेले, त्यामुळे दुचाकीवाला गाडी खाली घ्यायलाच तयार नसतो, रोडवरच स्टँड लावतो. अशा वेळी व्हॅनच्या आडून पोरगी निघाली तर बाइकवाल्याला ती दिसतच नाही. 30 च्या स्पीडलासुद्धा दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत 13-14 मीटर जातात, 50 ला जवळपास 28.

आता स्पीड ब्रेकरचं. नियमातला गोल ब्रेकर 3.7 मीटर रुंद अन् 10 सेंटिमीटर उंच असतो, 25 च्या स्पीडनं आरामात पार होणारा. आपल्याकडं जे पडतं ते डांबराचं टेंगूळ, त्याच्यावर पाठ मोडते. अन् शाळा सुटताना गाड्या तशाही रांगतच असतात हो, ब्रेकरचा खरा उपयोग सकाळी, रोड मोकळा असताना. म्हणून मागा, पण खाली टाका.

आमच्याकडं फरक पडला तो दोन गोष्टींनी. एक, पाचवी ते सातवी आधी सोडायची, आठवी ते दहावी पंधरा मिनिटांनी. शाळा आधी नाही म्हणते, बसचं टाइमटेबल पुढं करते, पण दोन आठवडे करून बघा म्हटलं की तयार होते. दुसरी गोष्ट म्हणजे गेटपासून लांब पिकअप. नागपुरात प्रत्येक वस्तीत एखादं लॉन नाहीतर मंगल कार्यालय असतंच अन् भर दुपारी त्याचं पार्किंग बहुतेक रिकामं पडलेलं असतं. आमच्या इथल्या लॉनवाल्या काकांनी एका भेटीत हो म्हटलं, लग्नाची तारीख असेल त्या दिवशी आदल्या संध्याकाळी कळवायचे. कारवाले सगळे तिकडं, मोठी पोरं चालत तिथवर येतात, गेटसमोर फक्त बस-व्हॅन. दहावीच्या पोराला तीन मिनिटं चालायला काय होतं, पण त्यावरही काही पालक भांडले, भांडू द्या. शाळेच्या गेटसमोर गाडी उभी करायला नियमानं तशीही मनाईच आहे.

हे सगळं कोणाच्या नावानं करायचं? राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, अध्यक्ष मुख्याध्यापक, अन् त्यात पालक, ट्रॅफिक पोलीस, आरटीओ सगळ्यांचा माणूस असतो. बऱ्याच शाळांत ती फाइलीपुरती असते. तुम्ही लेखी बैठक मागा. पालकांनी बोलावलं तर कोणी येत नाही, समितीच्या पत्रावर येतात.

अन् एक गोष्ट पालक बोलत नाहीत. शाळा आत घेत नाही म्हणून नववी-दहावीचे पोट्टे गाडी बाजूच्या गल्लीत पानठेल्यामागं लावतात, मग युनिफॉर्मवर ट्रिपल सीट. 16 च्या आत लायसनवाली कोणतीच गाडी चालवता येत नाही, 16 ते 18 मध्ये फक्त 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची, म्हणजे घरातली 110 सीसीची नाही. सापडला तर 2019 पासून मालक-पालकाला 25,000 दंड अन् तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, अन् पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. पालक सभेत हे वाचून दाखवा, हॉल एकदम शांत होतो. चालवायचीच असेल तर सायकल, नाहीतर 250 वॉटच्या आतली, 25 च्या वर न जाणारी इलेक्ट्रिक, तिला लायसन लागत नाही.

अर्जाआधी रोड कोणाचा ते विचारून घ्या, मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) की पीडब्ल्यूडी, नाहीतर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. नो पार्किंग अन् वन-वेची अधिसूचना ट्रॅफिकच्या डीसीपींकडून निघते, बोर्ड अन् झेब्रा पट्टे रोडवाल्यांनी करायचे, म्हणून दोन्हीकडं एकाच दिवशी द्या, मुख्याध्यापकांच्या सहीनं, सुटायच्या वेळचे फोटो लावून, अन् पोच घेतल्याशिवाय हलू नका. होता होईल तो फेब्रुवारी-मार्चमध्येच द्या, आपल्याकडं शाळा जूनअखेरीस उघडतात तोवर पाऊस आलेला असतो अन् ओल्या रोडवर पट्टे कोणी मारत नाही.