शाळेतला दंत सर्व्हे आणि पुरावा वाचणं: दोन्ही एकाच पोस्टिंगमध्ये

प्रश्न थोडक्यात असा: दंत महाविद्यालयाच्या पब्लिक हेल्थ विभागात नव्याने रुजू झालेल्या मॅडमना इंटर्नकडून शाळेत सर्व्हे करून घ्यायचा आहे, आणि पुराव्यावर आधारित उपचार कसे ठरवायचे हेही शिकवायचं आहे. पोस्टिंग एकच. तर जर्नल क्लब, म्हणजे संशोधन-पेपर वाचून चर्चा करायचा तास, वेगळा ठेवावा का?

मॅडम, वेगळा ठेवू नका. वेगळा ठेवला की तो पेपर वाचून दाखवायचा तास होतो. इंटर्ननी स्वतः मोजलेला आकडा हातात असला, की पेपरातल्या आकड्याला प्रश्न विचारायची सवय लागते.

सुरुवात कॅम्पपासून नको. कॅम्पला येतो तो बहुधा दात दुखतो म्हणून. त्या रजिस्टरवरून गावातल्या किडीचं प्रमाण काढू देऊ नका. शाळेचा पट घ्या, त्यातून १२ वर्षांची मुलं निवडा. या वयात तिसरी दाढ सोडून बहुतेक कायमचे दात आलेले असतात आणि मुलं अजून शाळेत सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत एका ठिकाणी २५ ते ५० जण पुरतात. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची नोंद ठेवायला लावा. दातदुखीने घरी बसलेलं मूल नेमकं त्यातच असतं.

खरा वेळ द्यायचा तो कॅलिब्रेशनला, म्हणजे सगळ्या परीक्षकांची तपासणी एकसारखी करून घ्यायला. अर्धा दिवस देऊन भागत नाही. इंटर्न हमखास चुकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. एक्सप्लोरर (दात टोकरून बघायची टोकदार सळई) दातावरच्या खड्ड्यात अडकला की 'कीड' लिहितात. खोल पण निरोगी खड्ड्यातही तो अडकतो, आणि सुरुवातीच्या डागाचा पृष्ठभाग मोडतो तो वेगळाच. ०.५ मिमी गोल टोकाचा सीपीआय प्रोब (हिरड्या तपासायची सळई) द्या आणि एक्सप्लोरर ट्रेमधूनच काढून टाका. पांढरा डाग डीएमएफटीत (किडलेले 'डी', किडीमुळे गेलेले 'एम' आणि भरलेले 'एफ' दात यांची बेरीज) धरायचा नाही. भरलेल्या दातात पुन्हा कीड असेल तर तो 'डी', 'एफ' नव्हे. ऑर्थोसाठी (दात सरळ करण्यासाठी) काढलेली उपदाढ 'एम' नाही, आणि अजून न उगवलेली तर नाहीच. फ्लोरोसिससाठी (जास्त फ्लोराइडमुळे दातांवर पडणारे डाग) डीन निर्देशांक वापरताना सर्वांत जास्त बाधित दोन दात बघायचे आणि दोघांत फरक असेल तर कमी बाधित दाताचा गुण लिहायचा. इंटर्न नेमका उलटा, जास्तीचा लिहितात.

आता कप्पा, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वजा करून उरलेलं दोन परीक्षकांचं एकमत मोजणारा आकडा. दोन परीक्षकांचे निकाल 'बरेच जुळतात' हे वाक्य मान्य करू नका. फळ्यावर हे गणित मांडा (आकडे सरावासाठी घेतलेले आहेत). २०० दात दोघांनी तपासले. दोघांच्या मते निरोगी १७०, दोघांच्या मते किडलेले १४. फक्त 'अ'ला कीड दिसली असे १०, फक्त 'ब'ला दिसली असे ६. एकमत १८४ दातांवर, म्हणजे ९२ टक्के, सगळे खूश. पण 'अ'ने एकूण २४ किडलेले लिहिले, 'ब'ने २०. नुसत्या योगायोगाने जुळण्याची शक्यता (२४×२० + १७६×१८०) ÷ ४०,००० = ०.८०४. कप्पा = (०.९२ − ०.८०४) ÷ (१ − ०.८०४) = ०.५९. मध्यमच. बहुतेक दात निरोगी असले की डोळे मिटून 'निरोगी' लिहिणाऱ्याचंही बरंच जुळतं, हे इथे इंटर्नना पटतं. मग न जुळलेले ते १६ दात पुन्हा उघडून बघा, वाद घालू द्या, नियम पक्का करा आणि नव्या मुलांवर परत मोजा. सर्व्हे चालू असतानाही ५ ते १० टक्के मुलं परीक्षकाला न सांगता दुसऱ्यांदा तपासायला पाठवा.

सामानाचं एकच सांगतो: प्रत्येक परीक्षकामागे ३० आरसे आणि ३० प्रोब. त्याहून कमी असले की निर्जंतुकीकरणात घाई होते.

आकडे आले की पुराव्याकडे वळा. प्रश्न 'वार्निश (कीड रोखायला दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) चांगलं का?' असा नको. कोणत्या मुलांत, काय केलं, कशाच्या तुलनेत, काय मोजलं, या चार भागांत लिहून घ्या. चौथा भाग बहुतेक जण विसरतात. मग कॉक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून आढावे काढणारी संस्था) फ्लोराइड वार्निशवरचा २०१३चा आढावा द्या. कायमच्या दातांत ४३ टक्के घट, विश्वास-अंतराल (खरा आकडा ज्या मर्यादेत असण्याची शक्यता आहे ती) ३० ते ५७. कोणीतरी म्हणणारच, शंभरातली ४३ मुलं वाचली. तसं नाही, ही घट किडलेल्या पृष्ठभागांच्या सरासरीतली आहे. लगेच दोन काल्पनिक शाळा द्या. पहिलीत दोन वर्षांत दर मुलामागे सरासरी २ नवे पृष्ठभाग किडतात, दुसरीत ०.५. शंभर मुलांमागे पहिलीत ८६ पृष्ठभाग वाचतील, दुसरीत २१-२२. ३० टक्के धरले तर दुसरीत १५च. सामान मात्र दोन्हीकडे सारखंच: मिश्र दंतावस्थेत (दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असताना) एका वेळी ०.४ मिली, वर्षातून दोनदा, दोन वर्षं, म्हणजे १६० मिली, १० मिलीच्या १६ ट्यूब. हा हिशेब केल्यावर कोणत्या शाळेपासून सुरुवात करायची हे सांगावं लागत नाही.

वार्निश लावण्याची कृती प्रत्यक्ष दाखवा: गॉजने दात कोरडे, पातळ थर, त्या दिवशी मऊ खाणं, त्या रात्री ब्रश नाही. तोंडात व्रण असतील किंवा दम्यासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागलं असेल, तर लावायचं नाही. चंद्रपूर, यवतमाळसारख्या भागात फ्लोराइडचा कोणताही कार्यक्रम आखण्याआधी बोअरवेलचं पाणी प्लास्टिकच्या बाटलीत घेऊन तपासायला पाठवा. पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा लिटरमागे १.५ मिलीग्रॅम.

एक पेपर इंटर्नच्या रोजच्या कामाला धक्का देणारा ठेवा. स्केलिंगवरचा (दातांवरचं कीटण काढणं) कॉक्रेनचा २०१८चा आढावा उत्तम. गंभीर पेरिओडॉन्टायटिस (दाताभोवतीचा आधार झिजवणारा हिरड्यांचा आजार) नसलेल्या, नियमित दवाखान्यात येणाऱ्या प्रौढांत ठरावीक काळाने स्केल-पॉलिश केल्याने दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या दाहात फरक जवळजवळ दिसला नाही. इंटर्न एकदम 'मग स्केलिंग बंद' म्हणतात. तिथे थांबवा आणि विचारा: अभ्यासातले पेशंट कोण होते, आणि आपल्या ओपीडीत दहा वर्षांनी पहिल्यांदा तोंड उघडणारे कोण? ओपीडी स्केलिंगच्या कोट्यावर चालते, त्यामुळे विभागात कुरकुर होईल. होऊ द्या.

तंबाखूची माहिती घेताना फॉर्ममध्ये 'तंबाखू खाता का?' एवढाच रकाना ठेवू नका. मिश्री लावणाऱ्या बाईच्या लेखी ते दात घासणं असतं, ती सरळ 'नाही' म्हणते. मिश्री, खर्रा, मावा, गुटखा, पानातली तंबाखू असे वेगळे रकाने करा आणि प्रत्येकाचं नाव घेऊन विचारायला लावा. खर्रा म्हटला की पुडी दिवसाला किती आणि गालात कोणत्या बाजूला, हेही. मग आरसा आधी त्याच बाजूला जातो.