पोऱ्या अणुभट्टीत कामाला आहे, लग्न कसं जमणार?

मागच्या महिन्यात चोपड्याकडचं एक जोडपं माझ्याकडे सल्ल्याला आलं होतं, केळीवाले शेतकरी (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टीच्या मेंटेनन्सला. दोन स्थळं मोडली, तिसऱ्या ठिकाणी मुलीच्या मामाने तोंडावरच विचारलं, रेडिएशनमधे काम करतो तर मुलंबाळं होतील ना? तेव्हापासून आईचं जेवणावरून मन उडालं. "पोऱ्याना जीवले काही व्हई का ताई?"

ही काळजी खरी आहे, तिला अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

मी विचारलं, तो तिथे नेमकं काय करतो? दोघंही गप्प. सहा वर्षं झाली नोकरीला, आईला वाटायचं दीपनगरच्या वीज केंद्रासारखी वीज बनवतात, आणि पोरगा "सगळं सांगता येत नाही" म्हणून विषयच बंद करायचा. मला तिथेच खरी गाठ दिसली, म्हणून पुढच्या वेळी तिघांना बोलवलं.

आधी तो अडखळला. म्हटलं भट्टीचं राहू दे, तुझ्या हातांनी काय करतो तेवढं सांग. मग वडिलांकडे वळला, "नाना, आपल्या विहिरीवरच्या पंपाची ग्लँड गळायची, तुम्ही दोरी भरायचे ना? माझं तेच काम आहे, पंप, व्हॉल्व्ह, सील. फक्त आमच्या पंपात जड पाणी असतं, त्यात ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन तयार होतो, म्हणून गळलेलं पाणी गोळा करून मोजावं लागतं."

नाना एकदम सरसावून बसले. "मग सील बदलताना अंगावर नाही उडत?"

इतका नेमका प्रश्न त्या मामानेसुद्धा विचारला नव्हता! मग पोरगा अर्धा तास बोलला, आधी रेडिएशन मोजतात मग किती वेळ थांबायचं ते ठरतं, छातीवर अंगाला लागलेलं रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज, ट्रिटियमसाठी लघवीची तपासणी, रेडिएशनची मर्यादा 5 वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेल्या रेडिएशनचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही, आणि त्याचा स्वतःचा आकडा त्याच्या बराच खाली. ध्रुव 1985 पासून चालतेय, वीज बनवत नाही, थायरॉईडच्या उपचाराचं आयोडीन-131 तिथे तयार होतं, हे ऐकून आईने पहिल्यांदा मान वर केली.

मी माझ्याकडून दोनच गोष्टी सांगितल्या. रेडिएशन सगळीकडेच थोडं असतं, केळीला टाकतो त्या पोटॅशच्या गोणीतही असतं, प्रश्न किती याचा आहे. आणि हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या पुढे झालेल्या मुलांचा कित्येक वर्षं अभ्यास झालाय, आईबापांना लागलेल्या रेडिएशनमुळे त्यांच्यात आनुवंशिक दोष वाढल्याचं दिसलेलं नाही. धोका शून्य आहे असं मी म्हणाले नाही, तसं म्हटलं असतं तर त्या माउलीने माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

आता पारोळ्याचं स्थळ आलंय. यावेळी कांदेपोह्यांच्या आधीच मुलगा स्वतः मुलीशी फोनवर बोलणार, बॅजपासून लघवीच्या तपासणीपर्यंत सगळं सांगणार, असं तिघांनी मिळून ठरवलं. नानांनी निघताना विचारलं, मामाचा फोन आला तर मी बोलू का?