हेअर डिझाइनमध्ये करिअर करायचं तर कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स करावा का? तिथे नक्की काय शिकवतात?

बी.कॉम. संपत आलंय, पण ओढ केसांच्या कामाची आहे. कोर्सला पैसे घालावेत का, आणि "शेवटी न्हाव्याचंच काम ना" म्हणणाऱ्या घरच्यांना काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात केसांचं काम करते आणि शिकवतेही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोर्स जरूर करा. फक्त प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट विचारा: कोर्सभरात माझ्या हाताखाली खऱ्या माणसांची डोकी किती येणार? डमीवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्याच्या डोक्यावर, केसांचे भाग पाडणं, कंगवा धरणं, कात्रीचा कोन हे सगळं शिकता येतं, आणि सुरुवात तिथूनच व्हायला हवी. पण डमीला भोवरा नसतो, कपाळाशी उलटे उगवणारे केस नसतात, आणि "जास्त कापू नका हं" असं ती म्हणत नाही. काही ठिकाणी शेवटपर्यंत डमीच असते आणि मॉडेलवर हात चालवतात ते शिक्षक. तिथे भिंतीवर कितीही मोठ्या ब्रँडचं नाव असो, माझं मत नाही असंच राहील.

कॉस्मेटॉलॉजी म्हटलं की केस, त्वचा, मेकअप, नखं सगळंच आलं. पाया पक्का करायचा असेल आणि खर्च जपायचा असेल तर आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा ट्रेड चांगला आहे. दहावी पास पुरते, प्रवेश ऑनलाइन होतो आणि शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. फक्त केसांचंच करायचं ठरलं असेल तर हे वर्ष झाल्यावर किंवा थेट केसांच्या अकादमीत जा. पुढे अमेरिकेत जायचा विचार असेल तर आत्ताच माहीत असू द्या: आपल्याकडे या कामाला परवाना लागत नाही, तिथे प्रत्येक राज्याचा परवाना लागतो. न्यू जर्सीत कॉस्मेटॉलॉजीच्या परवान्यासाठी १२०० तासांचं प्रशिक्षण लागतं, कॅलिफोर्नियात १०००, आणि वर परीक्षा. इथलं प्रमाणपत्र दाखवून तिथे लगेच खुर्ची मिळत नाही.

कापण्याचा अभ्यास बराचसा भूमितीचाच असतो. केस डोक्यापासून किती अंशांत उचलले यावर आकार ठरतो: न उचलता कापले तर एकसरळ रेषा, ४५ अंशांत उचलले तर खाली वजन धरणारा ग्रॅज्युएशनचा कट, ९० अंशांत लेयर्स. लंडनचे केशरचनाकार विडाल ससून यांनी १९६०च्या दशकात हीच शिस्त लावली. केस धुऊन नुसते वाळवले तरी आपापल्या जागी बसावेत, असा कट त्यांना हवा होता. आजही जगभर शिकवण्याचा पाया तोच आहे. आपल्याकडच्या कुरळ्या केसांची एक भर मात्र त्यात घाला. ओले असताना ताणून कापलेले कुरळे केस वाळले की वर चढतात, त्यामुळे लांबी राखून कापायची सवय पहिल्यापासून लावा.

खरी कसोटी रंगात लागते. ब्लीचखाली काळे केस आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे होत जातात. नारिंगी मारायला निळा टोन आणि पिवळा मारायला जांभळा, हे रंगचक्र पाठ हवं. रंगात किंवा ब्लीचमध्ये कालवायच्या द्रावणाची ताकद व्हॉल्यूममध्ये सांगतात: १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम म्हणजे ३, ६, ९, १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, हेही पाठ हवं. पण पुस्तकात ज्यावर फार तर एखादं पान असतं, ती मेंदी आपल्याकडे दर दुसऱ्या डोक्यावर असते. मेंदीतला रंग केरॅटिनला, म्हणजे केस ज्या प्रथिनाचे बनलेले असतात त्याला, घट्ट धरून बसतो आणि सहज निघत नाही. त्याहून घातक काही पाकिटबंद 'काळ्या मेंद्या'. त्यांत धातूंचे क्षार असले तर पेरॉक्साइड लागताच केस तापतात, तुटतात. आणि "रंग लावला होता का?" असं विचारलं तर बाई प्रामाणिकपणे "नाही" म्हणते, कारण तिच्या लेखी मेंदी म्हणजे रंग नव्हेच. म्हणून मी विद्यार्थिनींना असं विचारायला लावते: "गेल्या चार वर्षांत केसांना काय काय लावलंत?" केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे ६० सेंटिमीटर लांब केसाचं टोक चार वर्षांचं असतं, आणि तेव्हा लावलेलं सगळं त्यात असू शकतं. शंका आली की मागून, आतल्या बाजूच्या चार बटा कापून आधी त्यांच्यावर प्रयोग करायचा. रंगाआधी ४८ तास पॅच टेस्टही, म्हणजे थोडा रंग त्वचेवर लावून ॲलर्जी येते का ते बघणं, करायचीच. घाईतल्या गिऱ्हाइकाला परत पाठवावं लागलं तरी चालेल.

केस सरळ करण्याच्या स्मूदनिंग-रिबॉन्डिंगलाही हीच काळजी. त्यात केसांच्या आतले गंधकाचे बंध तोडून पुन्हा जोडले जातात. अशा केसांवर वर ब्लीच केलं तर ते रबरासारखे ताणून तुटू शकतात. काही केरॅटिन ट्रीटमेंटमधून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, म्हणून अकादमी बघायला जाल तेव्हा प्रॅक्टिकलच्या खोलीत हवा कशी खेळते तेही बघा. शिकताना ती वाफ रोज तुमच्याच नाकात जाणार आहे. शॅम्पू आणि रंगाने हातांची कातडी सोलते, तेव्हा हातमोज्यांना कंटाळू नका. डावखुरे असाल तर डाव्या हाताची कात्रीच घ्या, "चालवून घे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

आता घरच्यांबद्दल. नाभिक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात दिलेली ही विद्या आहे, आणि ती कमी लेखणाऱ्याला वस्तऱ्याची धार म्हणजे काय ते ठाऊक नसतं. फेड (खालून वर हळूहळू वाढत जाणारा बारीक कट), दाढीची रेघ, क्लिपरचा (केस कापायच्या मशीनचा) हात या गोष्टी अनेक कोर्समध्ये भरभर उरकतात. त्या खऱ्या शिकायच्या तर गल्लीतल्या जुन्या सलूनमधल्या काकांना विचारून त्यांच्या बाजूला उभे राहा. घरी सांगताना "न्हाव्याचं नाही, डिझाइनचं काम आहे" अशी सारवासारव करू नका, ते या नाभिक कारागिरांवर अन्यायाचं होईल. वडिलांना एकदा सोबत प्रॅक्टिकलच्या वर्गात घेऊन जा. चांगली अकादमी कामाच्या दिवशी बघू देते.

कोर्सनंतर काही महिने केस धुणं, झाडणं, रंग कालवून देणं हेच काम असेल आणि पगार कमी असेल. फीसोबत त्या महिन्यांच्या खर्चाचीही सोय आधी करून ठेवा. फीमध्ये किट, मॉडेलसाठी लागणारा माल आणि परीक्षेचे पैसे धरलेत का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. आणि बी.कॉम. सोडू नका, शेवटची परीक्षा देऊन टाका. सलूनचा हिशेब, जीएसटी आणि मालाचा साठा पुढे तुम्हालाच बघायचा आहे.