‘लाभार्थी’ की ‘लाभधारक’?

प्रश्न असा आला आहे: घरकुलाच्या भिंतीवर लावायच्या फलकावर ‘लाभार्थी’ लिहायचं की ‘लाभधारक’? घर तर बांधून झालं, मग अजून ‘अर्थी’ कशाला?

शंका रास्त आहे. ‘अर्थी’ म्हणजे हवं असणारा, मागणारा. विद्या हवी तो विद्यार्थी, आसरा हवा तो शरणार्थी. त्या हिशेबाने लाभ पदरात पडला की माणूस लाभार्थी राहतच नाही. आमच्या गावच्या एक आजी घरकुलाची यादी बघून तणतणत बाहेर आल्या होत्या, “मला अजून लाभार्थी केलं नाही!” व्युत्पत्तीने पाहिलं तर यादीबाहेरच्या त्या आजीच खऱ्या लाभार्थी. पण रूढी व्युत्पत्तीला जुमानत नाही. ‘ज्याला योजनेतून मिळतं तो’ हा अर्थ आता पक्का झालाय, तेव्हा फलकावर लाभार्थी चूक नाही. ‘लाभधारक’ही चालेल, धरणाच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांना तसंच म्हणतात.

मला गंमत वाटते ती सरकारी मराठीत कोण ‘धारक’ आणि कोण ‘अर्थी’ याची. पेन्शन घेणारा निवृत्तिवेतनधारक असतो. पेन्शन ही कुणाची मेहेरबानी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा या पेन्शनरच्या खटल्यात १७ डिसेंबर १९८२ ला बजावलंच आहे. घरकुलवाला मात्र अर्थी.

याहून भारी शब्द म्हणजे ‘हमी’. १९७२ च्या दुष्काळात हाताला काम देताना रोजगार हमीने मूळ धरलं, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली आणि १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. तिथे मागणारा लाभार्थी नसतो, मजूर असतो. आणि पैसा? नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, असा जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ साली या हमीसाठीच बसवला. कुणाला, किती दिवसांत, कुणाच्या खिशातून, सगळं लिहिलेलं. सरकारने काय करावं आणि कुठे थांबावं यावर भांडायचं तर असं काहीतरी कागदावर लागतं.

उलट २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत महिना १,५०० रुपये आहेत, पण भाषा नात्याची. ओवाळणी किती घालायची ते भाऊ ठरवतो. कमी घातली म्हणून बहीण दावा लावत नाही, आणि ऐपतीबाहेर घालायला लागला तर भावाला तरी कोण अडवणार? पैसे देऊ नयेत असं माझं म्हणणं नाही, त्या पैशात कुणाचा गॅस येतो, कुणाची औषधं. पण हक्क म्हटलं की सरकारला दोन्हीकडून कुंपण पडतं, ओवाळणीला ते नाही.

तरी ‘अर्थी’ला अगदीच भिक्षेकरी समजू नका. जुन्या न्यायव्यवहारात अर्थी म्हणजे फिर्यादी आणि त्याच्यासमोर उभा तो प्रत्यर्थी. आजींचा तणतणाट बराचसा याच जातीचा होता.

फलक रंगवायला देताना एक बघा: ‘लाभार्थीचे नाव’ नको, ‘लाभार्थ्याचे नाव’ हवं, विद्यार्थ्याचे तसंच. घर बाईच्या नावावर असेल तर व्याकरणाने ‘लाभार्थिनी’ होईल, पण तसं कुणी लिहीत नाही. ‘लाभार्थी महिला’ लिहून मोकळे व्हा.