क्रूझ कोटोरला दिवसभर थांबते. दोघांनी जहाजाची सहल घ्यावी की आपले आपण हिंडावे?

आपण विचारले आहे की लग्नाच्या वाढदिवसानिमित्त आपण दोघे इटलीहून सुटणाऱ्या क्रूझवर जात आहात, जहाज मॉन्टेनेग्रोमधील कोटोर येथे सकाळी आठ ते सायंकाळी पाच थांबणार आहे, तर जहाजाकडून मिळणारी सहल घ्यावी की स्वतः हिंडावे, आणि तेवढ्या वेळात किती ठिकाणे होतील. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. केवळ जुने शहर पाहायचे असेल तर सहल विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण ‘किती ठिकाणे झाली’ याच मुद्द्यावरून माझे आणि माझ्या नेरुळच्या साडूंचे गेली काही वर्षे जुंपलेले आहे.

साडू आमच्या आधी एका सहल कंपनीबरोबर तिथे जाऊन आले होते. त्यांनी एका दिवसात बसने पेरास्त गाव, होडीने तिथले बेट, परत येऊन सुमारे तेराशे पन्नास पायऱ्यांचा किल्ला आणि उरलेल्या वेळात शहर, असे सारे ‘केले’. आम्ही परतल्यावर ठाण्यात आमच्या घरी सगळे जमले असताना मी किल्ला चढलो नसल्याचे सहज सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “अहो, सह्याद्रीच्या कुशीत जन्मलात आणि समोर उभा असलेला किल्ला सोडून चबुतऱ्यावर बसून आलात?” तेव्हापासून प्रत्येक मुंजीत आणि बारशात हे वाक्य पानात मीठ वाढावे तसे न चुकता वाढले जाते. ज्या गृहस्थांनी आयुष्य ठाणे-नवी मुंबईत काढूनही घोडबंदरच्या किल्ल्याचा दरवाजा पाहिलेला नाही, त्यांनी मला दुर्गप्रेम शिकवावे, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

आता आम्ही काय केले ते सांगतो. कोटोरचा दिवस जहाज धक्क्याला लागल्यावर सुरू होत नाही, तो पहाटे डेकवर सुरू होतो. जहाज ॲड्रिॲटिक समुद्रातून बोका कोटोर्स्का नावाच्या खाडीत शिरते आणि तासाभराहून अधिक काळ दोन्ही बाजूंच्या डोंगरांमधून वळणे घेत आत जाते. पुष्कळ जण तिला फ्योर्ड म्हणतात, पण ती हिमनदीने कोरलेली नसून समुद्राच्या पाण्याने बुडालेली नदीची दरी आहे. वेरिगे येथे खाडी इतकी अरुंद होते की काठावरच्या घरांच्या खिडक्या मोजता येतात. पुढे पेरास्तसमोरची दोन बेटे दिसतात. त्यांतले एक सुरूच्या झाडांचे आणि नैसर्गिक आहे, तर दुसरे माणसांनी दगड टाकून आणि दगडांनी भरलेली जुनी गलबते बुडवून तयार केलेले आहे. ज्या बेटासाठी साडूंनी पैसे भरून होडीच्या रांगेत उभे राहणे पत्करले, ते आम्ही हातात चहाचा कप घेऊन वरून पाहिले. (साडूंच्या सहलीत याच घटकेला ते कोठे होते, असे विचारले असता ते न्याहारीच्या रांगेत होते, असे त्यांच्याच पत्नीने सांगितले.)

जहाज थांबल्यावर सहलीवाल्यांची झुंबड उडते. ती ओसरेपर्यंत आम्ही खोलीतच बसलो. जागा असेल तर जहाज थेट शहरासमोरच्या धक्क्याला लागते आणि तिथून तटबंदीचा समुद्राकडील दरवाजा चालत काही मिनिटांवर आहे. हा दरवाजा १५५५ सालचा. आत शिरताच शस्त्रांचा चौक लागतो आणि समोर १६०२ सालचा घड्याळाचा मनोरा दिसतो, ज्याच्या पायथ्याशी गुन्हेगारांना लोकांसमोर उभे करण्यासाठी वापरलेला निमुळता दगड अजून आहे. १४२० ते १७९७ या काळात येथे व्हेनिसची सत्ता होती आणि शहराचा तोंडवळा अजून तसाच आहे. शहर एवढेसे आहे की वाट चुकली तरी आपण कोणत्या तरी दरवाजाशी किंवा चर्चशी येऊन थांबतोच, त्यामुळे नकाशा हातात धरण्याचीही गरज नाही.

आम्ही आत जाऊन नीट पाहिले ते सेंट ल्यूकचे छोटे चर्च. ते ११९५ सालचे आहे. सतराव्या शतकापासून सुमारे दीडशे वर्षे कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स असे दोन्ही ख्रिस्ती पंथ त्यात उपासना करीत असत आणि दोघांच्या वेद्या आजही तिथे आहेत. जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. माझी पत्नी पाय कोठे ठेवावा या विचारात दारातच थबकली, तेव्हा तिथल्या वृद्ध बाईंनी हाताने खूण करून आत बोलावले. आम्ही कडेच्या बाकावर बसलो. तेवढ्यात एक गट आला, मार्गदर्शकाने दोन वेद्यांकडे बोट दाखवले, फोटो निघाले आणि गट गेला. दुसरा आला, तोही गेला. दुसरी वेदी नेमकी कोणत्या बाजूला आहे, हे त्यांतल्या कितीजणांना संध्याकाळी सांगता आले असते, हा प्रश्न मी साडूंना प्रत्यक्ष विचारला आहे. त्यांनी विषय बदलला.

नंतर आम्ही एका लहान चौकात दगडी चबुतऱ्यावर बसलो. साडूंच्या वाक्यातला तो हाच चबुतरा. समोरच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरून पलीकडच्या भिंतीपर्यंत कप्पीवर दोरी बांधलेली होती आणि एक बाई खिडकीतून न वाकता दोरी ओढत एकेक ओला कपडा पुढे सरकवीत होती. चादर आली की दोन चिमटे मध्ये आणि एकेक टोकाला, उशीचे अभ्रे मात्र एकमेकांना जोडून एकाच चिमट्यात. माझ्या पत्नीने हे सर्व इतके लक्षपूर्वक पाहिले की घरी आल्यावर आमच्या गॅलरीत तशीच कप्पी बसली. चौकात मांजरी भरपूर होत्या. कोटोरमध्ये मांजरांचे इतके कौतुक आहे की त्यांचे एक संग्रहालयसुद्धा आहे. जेवणासाठी आम्ही हॉटेल शोधले नाही. दरवाजाबाहेर तटाला लागून भरणाऱ्या बाजारातून चीज, टोमॅटो, अंजिरे आणि पाव घेतला व खाडीकाठच्या बाकावर बसून खाल्ला. शाकाहारी असाल तर हाच उत्तम मार्ग आहे, कारण बाजारात चीजच्या शेजारीच वाळवलेले डुकराचे मांस टांगलेले असते आणि कापणाऱ्याची सुरी एकच असू शकते, तेव्हा अख्खा तुकडा मागावा.

साडूंचा युक्तिवाद असा, की इतका खर्च करून माणूस पुन्हा तिथे जाणार नाही, म्हणून मिळेल ते पाहून घ्यावे. माझे म्हणणे असे, की पुन्हा जाणार नसेल तर धावत पाहण्यासारखा मूर्खपणा दुसरा नाही. त्यांच्याकडे शेकडो फोटो आहेत, आणि त्यांतला सेंट ट्रायफनचा कॅथेड्रल, जो ११६६ सालचा आहे, त्यांनी आम्हाला दोनदा शेजारच्या क्रोएशियातले डुब्रोव्हनिक म्हणून दाखवला. दोघांच्या सहलीत गट नकोच. गटात नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त एकमेकांना हरवू नये म्हणून शोधत राहतात.

अर्थात काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पेरास्त किंवा चेतिन्येसारख्या दूरच्या गावी जायचेच असेल तर मात्र जहाजाची सहल घ्यावी, कारण रस्त्यात खोळंबा झाला तर जहाज आपल्या सहलीसाठी थांबते, स्वतंत्र प्रवाशासाठी थांबत नाही. सुटण्याच्या बऱ्याच आधी परत चढावे लागते, ती वेळ उतरताना फलकावर वाचून घ्यावी. धक्क्यावर जागा नसेल तर जहाज खाडीत नांगर टाकते आणि लहान बोटींनी ने-आण होते, अशा वेळी दोन्हीकडे रांग गृहीत धरावी. फरशी शतकानुशतके झिजून गुळगुळीत झालेली आहे, तेव्हा चपला नकोत. चलन युरोच चालते, पण मॉन्टेनेग्रो शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर हिंडता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे इटलीत परत शिरण्यासाठी शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा असणे आवश्यक आहे. हे तिकीट काढण्यापूर्वीच एजंटकडून लेखी घ्यावे.

आणि गुडघे धड असतील तर किल्लाही चढावा, माझा किल्ल्याला विरोध नाही. शहराच्या पूर्वेला डोंगर असल्याने सकाळी त्या पायऱ्यांवर सावली असते, दुपारी ऊन थेट अंगावर येते, म्हणून जायचे तर उतरल्या उतरल्या जावे. अर्ध्या वाटेवर १५१८ सालचे एक चर्च आहे. तिथून लाल कौलांचे शहर आणि सगळी खाडी दिसते, तेव्हा तिथूनच मागे फिरलात तरी काही बिघडत नाही. साडूही तिथूनच परत फिरले होते, हे त्यांच्या पत्नीने मला गेल्या दिवाळीत सांगितले.